हॉस्टेलच्या खोलीत मॉनिटर घेऊ का टीव्ही? तिन्ही स्क्रीन वापरून झाल्यावर सांगतेय

नवीन ॲडमिशन झालेली मुलं-मुली दरवर्षी हा प्रश्न विचारतात आणि दरवर्षी मी तुकड्यातुकड्यात तेच तेच सांगत बसते, म्हणून या वेळी एकदाच बसून नीट लिहून काढलंय. हॉस्टेलला मी चार वर्षं काढली. पहिल्या वर्षी माझा ३२ इंची टीव्ही होता, दुसऱ्या वर्षापासून २७ इंची मॉनिटर, आणि शेवटच्या वर्षी रूममेटने ४३ इंची फोरके (म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेलवाला) टीव्ही आणला तो पण वर्षभर वापरला. माझा विषय स्टॅटिस्टिक्स, म्हणजे दिवसातले पाच-सहा तास कोड, पीडीएफ आणि एक्सेलचे बारीक रकाने. तुमचं काम वेगळं असेल तर माझं मत थोडं इकडेतिकडे करून घ्या.

पहिल्या वर्षी टीव्ही का घेतला, तर हिशोब अगदी सरळ वाटला होता. अभ्यासाला लॅपटॉप जोडता येईल, रात्री पिक्चर बघता येतील, रिमोट आहे, स्पीकर आहेत, एका वस्तूत दोन कामं. मॉनिटरपेक्षा मोठा पण दिसत होता. टेबलावर ठेवला, लॅपटॉप जोडला, एक्सेल उघडलं, आणि अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसायला लागल्या. मला वाटलं केबल खराब असेल, दुसरी लावली, तरी तेच. मग पलंगावर लोळत पडलेल्या रूममेटला विचारलं तर ती म्हणाली, "अगं किती स्वच्छ दिसतंय, तुला काय झालं?" आणि मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले तर खरंच स्वच्छ दिसत होतं! तोच टीव्ही, तीच फाइल. या सगळ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दोन मीटरच्या अंतरात सापडलं, पण ते नीट कळायला पूर्ण सेमिस्टर गेलं.

तर त्याचं कारण सांगते. माझा टीव्ही 'एचडी रेडी' होता, म्हणजे १३६६ बाय ७६८ पिक्सेल. ते ३२ इंचात पसरले की एका इंचात साधारण ४९ पिक्सेल येतात, एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. चांगल्या नजरेला ६० सेंटीमीटरवरून हा ठिपका सहज दिसतो पण दोन मीटरवरून तो आजूबाजूच्या ठिपक्यांत मिसळून जातो. त्याच्यासमोर २४ इंची फुल एचडी (१९२० बाय १०८०) मॉनिटर घ्या, इंचाला साधारण ९२ पिक्सेल, आणि २७ इंची २५६० बाय १४४० वाला घेतलात तर १०९. वरून अजून एक घोळ असा की असे टीव्ही लॅपटॉपकडून १९२० बाय १०८०चं चित्र घेतात आणि मग आत आपल्या कमी पिक्सेलमध्ये दाबून बसवतात, त्यामुळे सेटिंगमध्ये फुल एचडी दिसतं आणि अक्षरं मात्र धूसर.

म्हणून पहिला प्रश्न 'किती इंची' हा नसू दे. तुम्ही स्क्रीनकडे कुठे बसून बघणार, टेबलाशी का पलंगावरून, ते आधी ठरवा. हॉस्टेलच्या खोलीत बहुतेकांचे जास्त तास टेबलाशी जातात आणि टेबलाशी बसायचं असेल तर माझं उत्तर मॉनिटर, त्यात मला आता जराही शंका नाही.

पिक्सेल सोडून बाकीच्या गोष्टी पण आहेत ज्या दुकानात कुणी बोलत नाही. टीव्ही मुळात पिक्चर दाखवायला बनवलेला, आणि व्हिडिओमध्ये रंगाची माहिती उजेड-अंधाराच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवतात, डोळ्याला हलत्या चित्रात ते कळत नाही. काही टीव्ही लॅपटॉपच्या चित्राला पण तोच नियम लावतात. मग काळ्या पार्श्वभूमीवर लाल किंवा निळं अक्षर आलं की ते ओल्या कागदावर शाई पसरावी तसं दिसतं, आणि माझ्या कोड एडिटरमध्ये नेमके हेच रंग होते. रंगाची माहिती अशी कमी न करता दाखवण्याला स्पेसिफिकेशनमध्ये ४:४:४ असं लिहितात, ते असलं की रंग पूर्ण येतो. बऱ्याच टीव्हींत ज्या एचडीएमआयला लॅपटॉप लावलाय त्या इनपुटचं नाव किंवा चिन्ह 'पीसी' असं केलं की हा मोड चालू होतो. हे मला सात महिन्यांनी कळलं आणि केल्यावर बराच फरक पडला. सोबत शार्पनेस कमी करा (बऱ्याच टीव्हींत शून्य), नाहीतर अक्षराभोवती पांढरी कडा येते, आणि चित्राच्या चारी बाजू कापल्या जात असतील, म्हणजे खालची टास्कबार अर्धी गायब असेल, तर ओव्हरस्कॅन बंद करा. काही टीव्हींत त्याला 'जस्ट स्कॅन' नाहीतर 'स्क्रीन फिट' म्हणतात.

माउस हलवला की बाण किंचित मागून येतो असं वाटलं तर तोही भास नाहीये. टीव्ही चित्र सुधारायला वेळ घेतो, त्यामुळे दाखवायला उशीर होतो. गेम मोड लावला की बरीचशी प्रक्रिया बंद होते आणि उशीर कमी होतो. गेम खेळत नसाल तरी लावून ठेवा, टाइप करताना सुद्धा जाणवतं.

आता वाय-फाय. हे मी मुद्दाम लांबवून सांगणार आहे कारण स्मार्ट टीव्ही घेणाऱ्या नवीन मुलांचा सगळ्यात मोठा हिरमोड इथेच होतो. घरच्या वाय-फायला फक्त पासवर्ड लागतो. हॉस्टेलचं नेटवर्क बहुतेक वेळा तसं नसतं, एकतर जोडल्यावर ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडतं, किंवा प्रत्येकाला स्वतःचं युजरनेम आणि पासवर्ड असतो, एज्युरोम हे त्यातलंच, खूप देशांतल्या विद्यापीठांत चालतं. लॅपटॉप आणि फोनला दोन्ही जमतं पण बऱ्याच स्मार्ट टीव्हींना लॉगिनचं पान नीट उघडता येत नाही आणि युजरनेमवाल्या नेटवर्कसाठी तर सेटिंगमध्ये जागाच नसते. बरं, कसंबसं जोडलं तरी फोनवरून कास्ट करायला, म्हणजे फोनवरचा व्हिडिओ वाय-फायने टीव्हीवर पाठवायला गेलात की फोनला टीव्ही दिसतच नाही, कारण असल्या नेटवर्कवर सुरक्षेसाठी एका डिव्हाइसला दुसरं दिसू देत नाहीत. माझ्या टीव्हीचा 'स्मार्ट' भाग वर्षभर नुसता पडून होता आणि मी शेवटी सगळं लॅपटॉपवरून एचडीएमआय केबलनेच बघत होते. म्हणजे पैसे ज्या गोष्टीचे जास्त दिले तीच वापरता आली नाही! काही ठिकाणी आयटी विभागाकडे टीव्हीचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरचा त्याचा ओळख क्रमांक, सेटिंगमध्ये दिसतो) नोंदवला की तो जोडून देतात. घ्यायच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि स्वतःचा राउटर लावायचा विचार असेल तर तेही आधी विचारा, कारण खूप हॉस्टेलांत ते चालत नाही.

मॉनिटरला हा त्रासच नाही कारण त्याला इंटरनेट लागत नाही, लॅपटॉप लावला की झालं. पण मॉनिटरचेही तोटे आहेत आणि ते लपवून सांगणं मला पटत नाही. माझ्या मॉनिटरला स्पीकर नव्हते, काहींना असतात पण आवाज डब्यातून आल्यासारखा. रिमोट नाही, म्हणजे पलंगावरून आवाज कमी करायला उठून जायचं. स्ट्रीमिंग स्टिक (एचडीएमआयला लावून ऑनलाइन पिक्चर बघायची छोटी कांडी) लावता येते, पण आवाज कुठून येणार ते आधी बघा, मॉनिटरला हेडफोनचा जॅक आहे का किंवा स्टिकला ब्लूटूथने स्पीकर जोडता येतो का. आणि अंधारात पिक्चर बघायचा असेल तर साध्या आयपीएस मॉनिटरवर (आयपीएस आणि व्हीए हे स्क्रीनच्या पॅनलचे दोन प्रकार) काळा रंग राखाडी दिसतो, कारण त्यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडातला फरक, साधारण १००० ला १ असतो. व्हीए पॅनलचा त्याच्या तिप्पट आणि वर सुद्धा असतो आणि टीव्हींमध्ये व्हीए पुष्कळ दिसतं, त्यामुळे रात्रीचे प्रसंग टीव्हीवर जास्त छान दिसतात हे खरंच आहे.

जागेचं तर काय सांगू. माझा टीव्ही दोन टोकांच्या दोन पायांवर उभा राहायचा आणि जवळजवळ सगळं टेबल अडवायचा, वही मांडीवर घेऊन लिहायला लागायचं. पुष्कळ मॉनिटरना मधोमध एकच स्टँड असतो, खाली कीबोर्ड सरकतो, आजूबाजूला पुस्तकं राहतात. तुम्ही असं करा, घ्यायच्या आधी पुठ्ठा किंवा जुना पेपर कापून टेबलावर उभा करून बघा. २४ इंच म्हणजे ५३ बाय ३० सेंटीमीटर, २७ म्हणजे ६० बाय ३४, ३२ म्हणजे ७१ बाय ४०, आणि ४३ म्हणजे ९५ बाय ५४, शिवाय कडांची थोडी भर धरा. तो पुठ्ठा समोर ठेवून नेहमीच्या खुर्चीत पाच मिनिटं बसा आणि डावीकडचा कोपरा, उजवीकडचा कोपरा वाचल्यासारखं करा. मान वळवायला लागली तर ती स्क्रीन त्या टेबलाला मोठी आहे. माझी मान पहिल्या वर्षी का दुखायची ते मला असं पुठ्ठा लावून बघितल्यावर समजलं.

उंची पण बघा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. स्वस्तातल्या मॉनिटरचे स्टँड नुसते पुढेमागे झुकतात, वरखाली होत नाहीत, त्याखाली जाड पुस्तकं घालून चालतं, मी दोन वर्षं तेच केलं. मागे चौकोनात चार भोकं असतील, ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर, तर पुढे कधीतरी आर्म, म्हणजे टेबलाला अडकवायचा हलता हात, लावता येतो.

शेवटच्या वर्षीच्या त्या ४३ इंची फोरके टीव्हीबद्दल लोक फार विचारतात, कारण कागदावर तो भारी वाटतो. इंचाला १०२ पिक्सेल, म्हणजे साडेएकवीस इंची चार फुल एचडी मॉनिटर एकत्र जोडल्यासारखं. अक्षरं खरंच छान होती. पण आमचं टेबल जेमतेम ६० सेंटीमीटर खोल, तेवढ्यावरून त्याचा वरचा भाग बघायला हनुवटी वर करावी लागायची, म्हणून आठवड्यात आम्ही तो पलंगासमोरच्या कपाटावर नेला आणि तिथे मात्र त्याचं सोनं झालं, रविवारी सात-आठजणी आमच्या खोलीत. माझा जुना लॅपटॉप त्याला लावला तर बाण अडखळत चालायचा, कारण त्याचं एचडीएमआय १.४ होतं आणि ते फोरके चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवू शकतं, ६० साठी एचडीएमआय २.० लागतं. फुल एचडीवर आणलं की सुरळीत. तर फोरके टीव्ही घेताय तर आधी आपला लॅपटॉप काय पाठवू शकतो ते बघा.

रूममेटचा विचार कराच, प्लीज. पहिल्या वर्षी मी लॅपटॉप तसाच ठेवून झोपले की टीव्हीवर 'नो सिग्नल'ची पाटी लखलखत फिरत राहायची आणि उजेड थेट तिच्या तोंडावर. ती बिचारी महिनाभर काही बोलली नाही. मॉनिटर सिग्नल गेला की स्वतः झोपतो आणि माउस हलवला की उठतो. टीव्हीला ते बहुधा सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागतं आणि उठवायला परत रिमोट. शिवाय टीव्ही लागला की खोली दोघींची राहत नाही, शेजारच्या खोल्यांतल्या पण येतात, कुणाला ते आवडतं कुणाला नाही, पण परीक्षेच्या आठवड्यात ते कुणालाच आवडत नाही.

मग टीव्ही कुणी घ्यावा? ज्यांचा अभ्यास मुख्यतः पुस्तकातून किंवा लॅबमध्ये होतो, लॅपटॉपची स्क्रीन ज्यांना पुरते, खोलीत पलंगापासून दीड-दोन मीटरवर भिंत किंवा कपाट आहे आणि रूममेटला चालणार आहे, त्यांनी खुशाल घ्या. कन्सोल आणि मित्रमंडळी असतील तरी टीव्ही. बाकी वाचणारे, लिहिणारे, कोड करणारे, डिझाइनवाले, सगळ्यांनी मॉनिटर. २४ इंची फुल एचडी पुरेसा आहे, बजेट ताणता आलं तर २७ इंची १४४०. २७ इंचात फुल एचडी घेऊ नका, ते ८२ पिक्सेलवर येतं आणि अक्षरं पुन्हा जाडीभरडी वाटायला लागतात.

यूएसबी-सीवाला मॉनिटर परवडत असेल तर त्याचं सुख मोठं आहे, एकाच केबलने चित्र पण जातं आणि लॅपटॉप चार्ज पण होतो. मात्र लॅपटॉपच्या प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र जातंच असं नाही, पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं विजेचं चिन्ह आहे का बघा, नाहीतर लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती काढा. आणि मॉनिटर ६५ वॉट देत असेल आणि तुमच्या लॅपटॉपचा चार्जर १०० वॉटचा असेल तर जड कामात बॅटरी हळूहळू उतरेल.

दुकानात जाताना स्वतःचा लॅपटॉप घेऊन जा. काळ्या पानावर लाल आणि निळी बारीक अक्षरं टाइप केलेली एक फाइल तयार ठेवा, ती लावा, आणि टेबलाच्या अंतरावर उभं राहून वाचा. दुकानदार लांबून समुद्राचे आणि फुलांचे व्हिडिओ दाखवतात, त्यात सगळंच सुंदर दिसतं.

जे काही घ्याल त्याचा खोका आणि आतला थर्माकोल फेकू नका. दरवर्षी खोली रिकामी करायला लागते, मॉनिटरचा स्टँड निघतो आणि मॉनिटर कपड्यांमध्ये गुंडाळून नेता येतो, पण टीव्ही उभाच न्यायला हवा, आडवा टाकून त्यावर बॅगा ठेवल्या की पॅनलला तडा जाऊ शकतो. आमचा खोका चार महिने पलंगाखाली धूळ खात पडला होता, आणि मे महिन्यात अख्ख्या मजल्याने तो आळीपाळीने मागून नेला.