नोट्स मिटून करायची उजळणी : बायोकेमिस्ट्री आणि एथिक्स

सगळ्यात आधी टेबलावरचा ढीग उपसायचा. सीनियरची झेरॉक्स, क्लासची स्पायरल, व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफ, स्वतःची अर्धवट वही आणि कुणाच्या तरी ताईने तीन रंगांत लिहिलेल्या देखण्या नोट्स. एवढं समोर मांडलं की अभ्यास झाल्यासारखा वाटतो, होत मात्र काही नाही. मी बायोकेमिस्ट्री शिकवते आणि आमचे वकीलसाहेब जिल्हा न्यायालयात वकिली करतात, त्यामुळे परीक्षा जवळ आली की जळगाव-धुळ्याकडची ओळखीची पोरं बायोकेमिस्ट्री आणि एथिक्स (वकिलीची आचारसंहिता) हे दोन्ही विषय घेऊन आमच्याकडे येतात. कुणी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला, कुणी बीएस्सीला, कुणी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला. विषय वेगळे, पण सवय एकच: नोट्स उघडून वाचत बसायचं. आम्हा नवरा-बायकोचं एरवी फारसं पटत नाही, पण उघड्या नोट्सवरची उजळणी ही उजळणीच नव्हे, यावर दोघांचं एकमत आहे. पुढची यादी त्या हिशेबाने वाचावी.

ढिगातून प्रत्येक विषयाचा एकच संच ठेवायचा, बाकीचा माळ्यावर. त्या संचाशेजारी आपल्या विद्यापीठाचा चालू अभ्यासक्रम आणि मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका. हे आवर्जून सांगते, कारण वैद्यकीयच्या पोरांची परीक्षा घेतं नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, एलएलबीवाल्यांची जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, आणि हातातल्या नोट्स असतात पुण्या-मुंबईच्या कुठल्या तरी क्लासच्या. प्रश्नपत्रिकेतला प्रश्न आणि नोट्समधलं पान जुळवून बघायचं. ज्या पानावर कधी प्रश्नच आला नाही ते पान शेवटी.

मग नोट्सचं वय तपासायचं. याला एक दुपार पुरते, पण कुणी ती देत नाही. बायोकेमिस्ट्रीत एका ग्लुकोजच्या पूर्ण ज्वलनातून ३८ किंवा ३६ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, नोट्स जुन्या पुस्तकावरून उतरवल्यात. एनएडीएच आणि एफएडीएच२ या ऊर्जा वाहणाऱ्या रेणूंना अनुक्रमे ३ आणि २ एटीपी धरायचा तो हिशोब. आता २.५ आणि १.५ धरतात आणि उत्तर ३२ किंवा ३० येतं. उत्तरपत्रिकेत आपण कुठला हिशोब धरलाय ते एका ओळीत लिहावं, म्हणजे तपासणाऱ्यालाही शंका राहत नाही.

कायद्याच्या नोट्स तर याहून लवकर शिळ्या होतात. वकील आणि पक्षकार यांच्यातल्या गोपनीयतेला जुन्या पुरावा कायद्याचं कलम १२६ लावलेलं असेल, तर त्याशेजारी भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ चं कलम १३२ लिहायचं. तो कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. विनयचंद्र मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये न्यायालयाच्या अवमानाखाली वकिलाची सनद निलंबित केली, इथेच नोट्स थांबत असतील तर अर्धी गोष्ट हातात आहे. १९९८ च्या सुप्रीम कोर्ट बार असोसिएशन विरुद्ध भारत सरकार या निकालात घटनापीठाने म्हटलं की अवमानाची शिक्षा म्हणून सनद निलंबित करता येत नाही, तो अधिकार बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) शिस्तपालन समितीचा. आणि वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते का, यावर सर्वोच्च न्यायालयाचा १४ मे २०२४ चा निकाल 'येत नाही' असा आहे. सीनियरच्या झेरॉक्समध्ये तो असणार कुठून?

आता खरं काम. आधी बायोकेमिस्ट्री, कारण इथे पोरांची सगळ्यात जास्त फसगत होते.

पाठकोरे कागद जमवून ठेवायचे. ग्लायकोलिसिसचं, म्हणजे पेशी ग्लुकोज पायरीपायरीने फोडते त्याचं, पान एकदा नीट वाचायचं, मिटायचं आणि कोऱ्या बाजूला ग्लुकोजपासून सुरुवात करायची. पहिल्या तीन पायऱ्या सगळे झपाझप लिहितात. ग्लुकोज-६-फॉस्फेट, फ्रुक्टोज-६-फॉस्फेट, फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट. चौथ्या पायरीवर पेन अडखळतं. तिथे अल्डोलेज हे एन्झाइम सहा कार्बनच्या रेणूचे तीन-तीनचे दोन तुकडे करतं, डीएचएपी आणि ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट. डीएचएपीचंही पुढे ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेटच होतं, म्हणून इथून खाली सगळ्याला दोनने गुणायचं. जी मुलगी हे विसरते तिच्या हिशोबात दोन एटीपी खर्च आणि दोनच जमा, म्हणजे शिल्लक शून्य. जमा चार आहेत, शिल्लक दोन. नोट्समध्ये हे छापलेलं असतं, त्यामुळे वाचताना ही चूक कधीच दिसत नाही, कागदावर मात्र लगेच दिसते. अडलं की नोट्स उघडून फक्त ती एक पायरी बघायची, पुन्हा मिटायची आणि पहिल्यापासून काढायचं. न परतणाऱ्या पायऱ्या तीन, त्यांची एन्झाइमं: हेक्सोकायनेज, पीएफके-१, पायरुव्हेट कायनेज. त्यांना लाल पेन. बाकी रंगरंगोटी नको.

त्याच कागदाच्या समासात एक प्रश्न लिहायचा, 'कुठे दिसतं?' इनोलेज या एन्झाइमच्या पायरीशी लिहायचं: फ्लोराइड. रक्तातली साखर तपासायला करड्या टोपणाची नळी का वापरतात, याचं उत्तर हेच. साध्या नळीत रक्त नुसतं पडून राहिलं तर लाल पेशी साखर खात बसतात आणि रिपोर्ट खोटा कमी येतो. सोडियम फ्लोराइड इनोलेजला अडवतं. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हमखास. लाल पेशीला मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं) नसतात म्हणून तिची गाडी लॅक्टेटवर थांबते, हेही त्याच ओळीत.

गोंधळ उडवणाऱ्या जोड्या वेगळ्या पानावर घ्यायच्या, कारण परीक्षक जोड्यांतच पकडतो. हेक्सोकायनेज सगळीकडे आणि कमी केएमचं (केएम म्हणजे एन्झाइमला निम्मा वेग गाठायला लागणारं पदार्थाचं प्रमाण), ग्लुकोकायनेज यकृतात व स्वादुपिंडाच्या बीटा पेशींत आणि जास्त केएमचं. सीपीएस-१ (कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज) मायटोकॉन्ड्रियात, अमोनिया घेणारं, युरिया चक्राचं. सीपीएस-२ सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात), ग्लुटामिन घेणारं, पिरिमिडिनचं. एन्झाइमच्या स्पर्धात्मक अवरोधात केएम वाढतो, व्हीमॅक्स (कमाल वेग) तोच. अस्पर्धात्मकात व्हीमॅक्स घटतो, केएम तोच. पानाच्या मधोमध घडी घालायची, डावी बाजू बघून उजवी म्हणायची.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी मी हटकून तयार करून घेते. एक सिकलसेल. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारपासून शिरपूर-चोपड्यापर्यंत, भिल्ल आणि पावरा वस्त्यांत हा आजार आहे, आणि इथला परीक्षक तो विचारणारच. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन, एवढं सगळे सांगतात. पुढचा प्रश्न असतो, इलेक्ट्रोफोरेसिसवर (विजेच्या ओढीने प्रथिनं वेगळी करण्याच्या चाचणीत) एचबीएस, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन, मागे का राहतं? ग्लुटामिक ॲसिडचा ऋणभार गेला, म्हणून धन टोकाकडची ओढ कमी झाली. पट्टीचं चित्र न बघता काढता यायला हवं: निरोगी माणसाला ए, रुग्णाला एस, वाहकाला दोन्ही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, तेही ध्यानात असू द्यावं.

दुसरी गोष्ट ज्वारी. भाकरीवर वाढलेल्या पोरांना पेलाग्रा (नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) फक्त मक्याशी जोडलेला माहीत असतो. नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्यांत तो का दिसतो, याचा शोध डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या दशकात हैदराबादेत घेतला आणि बोट ठेवलं ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिन या अमिनो ॲसिडवर. ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून (हेही अमिनो ॲसिडच) शरीरात १ मिलिग्रॅम नायसिन, हा आकडा त्याच ओळीत बसतो. बाकी जीवनसत्त्वं तक्त्यातून एका बैठकीत होतात, त्यावर मी इथे वेळ घालवत नाही. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलवाल्यांनी मेडिकलमधून टिंक्चर आयोडिन आणून एक कच्चं आणि एक पिकलेलं केळं कापून बघावं, जळगावात केळ्याला काय तोटा! कच्चं काळंनिळं होतं, चांगल्या पिकलेल्यावर रंग जेमतेम चढतो, कारण पिकताना स्टार्चची साखर झालेली असते. व्हायवात आयोडिन चाचणीचं उत्तर मग घोकावं लागत नाही.

एथिक्सचा पेपर पोरं हलक्यात घेतात. 'खरं बोलावं, पक्षकाराला फसवू नये, त्यात काय वाचायचं?' असं म्हणणारा दरवर्षी एक तरी भेटतो. वकीलसाहेब त्याला एक प्रश्न लिहून देतात: पक्षकाराला वकील बदलायचाय, जुना वकील म्हणतो, आधी माझी फी चुकती करा, मगच फाईल मिळेल, सांगा. पोरगा पानभर लिहितो की हे अयोग्य आहे, वकिली हा उदात्त व्यवसाय आहे वगैरे. गुण मिळतात दोन. उत्तरात हवं असतं ते असं: आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा, सन २०००. मध्य प्रदेशातल्या सहकारी बँकेच्या फाइली वकिलाने फीसाठी अडवून ठेवल्या. न्यायालय म्हणालं, खटल्याचे कागद हा करार कायद्याच्या कलम १७१ मधला 'माल' नव्हे, त्यावर धारणाधिकार (पैशासाठी वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क) नाही. फी हवी तर वसुलीचे मार्ग वेगळे आहेत. शिक्षा शेवटी फक्त ताकिदीची राहिली. आणि लगेच दुसरी बाजू: खर्चासाठी घेतलेल्या पैशातून काम संपल्यावर काही उरलं तर ते ठरलेल्या फीपोटी वळतं करता येतं, बार कौन्सिलच्या नियमांतला नियम २८. पैसा आणि फाईल यांतला हा फरक ज्याने लिहिला, त्याने पुस्तक उघडलंय हे परीक्षकाला कळतं.

म्हणून प्रत्येक निकालाचं एक कार्ड, त्यावर चारच ओळी: कोण, काय केलं, कुठला नियम किंवा कलम, न्यायालय काय म्हणालं. कार्डाच्या मागे फक्त नाव. नाव बघून चार ओळी म्हणायच्या, नंतर उलट, गोष्ट ऐकून नाव सांगायचं. हरीश उप्पल म्हणजे वकिलांना संपाचा हक्क नाही. रंगादुराई म्हणजे पक्षकाराचा विश्वासघात आणि शिक्षा कशी ठरवावी. दाभोळकर प्रकरणात मात्र जपून, कारण निकाल दोन आहेत: एक बार कौन्सिलला अपील करता येतं का यावरचा, सात न्यायमूर्तींचा, दुसरा मुंबईच्या कोर्टाबाहेर अशिलं ओढणाऱ्या वकिलांच्या वर्तनावरचा. पोरं दोन्हींची खिचडी करतात.

कलमांपैकी पाठच हवीत अशी थोडीच. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ मधलं वकिलावरच्या तक्रारीचं ३५, त्यातल्या चार शक्यता: तक्रार फेटाळणं, ताकीद, निलंबन, नाव कमी करणं. अपिलासाठी ३७ आणि ३८, आधी बार कौन्सिल ऑफ इंडिया, मग सर्वोच्च न्यायालय, दोन्हीकडे मुदत ६० दिवस. न्यायालय अवमान कायदा १९७१ मधलं २, १२, १३, १९ आणि २०. कलम १२ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १३ वाचताना २००६ ची दुरुस्ती घ्यायची, सत्य हा बचाव तिथे आला.

बार कौन्सिलचा जाहिरातबंदीचा नियम ३६ पाठ करण्यापेक्षा चौकात जाऊन बघावा. आपल्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चाळीस चेहरे असतात आणि त्यात दोन-तीन नावांआधी 'ॲड.' असतंच. हे नियमात बसतं का? नुसतं नाव असेल तर? खाली ऑफिसचा पत्ता आणि मोबाइल नंबर असेल तर? २००८ च्या दुरुस्तीने वेबसाइटवर ठरावीक माहिती द्यायला परवानगी मिळाली, मग रील्सचं काय? गच्चीवर दोघांनी यावर भांडावं, एकाने वकिलाची बाजू घ्यावी, दुसऱ्याने शिस्तपालन समितीची. पेपरात प्रश्न याच वळणाचे येतात.

वेळेचं गणित ऊन ठरवतं. एप्रिल-मेच्या परीक्षा असतील तर पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि दुपारी बाराच्या पुढे नवा धडा डोक्यात शिरत नाही, हे मान्य करून टाकावं. पहाटे पाच ते नऊ अवघड भाग: बायोकेमिस्ट्रीची चक्रं, प्रसंग देऊन विचारलेले एथिक्सचे प्रश्न. दुपारी कूलरसमोर हाताचं काम: कार्डं लिहिणं, घडीच्या पानांवरून जोड्या. लाईट कधीही जाते, म्हणून पीडीएफवर विसंबायचं नाही. जे लागणार ते छापून घ्यायचं आणि चार्जिंगचा दिवा भरलेला ठेवायचा. रात्री गच्चीवर तोंडी. घरात आजी असेल तर उत्तमच. ती 'अभ्यास व्हयना का?' विचारते तेव्हा नुसतं हो म्हणून सुटायचं नाही. करड्या टोपणाच्या नळीची गोष्ट तिला अहिराणीत सांगायची. इंग्रजी शब्दांची आड घेता येत नाही, त्यामुळे कुठे कळलं नाही ते तिथेच उघडं पडतं.

आदल्या दिवशी नवीन काही नाही. फक्त पाठकोऱ्या कागदांवर जिथे पेन अडलं होतं त्या जागा आणि चुकलेली कार्डं. शेवभाजी किंवा भरीत पेपर झाल्यावर. आदल्या रात्री वरण-भात, फार तर कळण्याची भाकरी. हॉल तिकीट, ओळखपत्र, दोन निळी पेनं, आकृतीसाठी पेन्सिल, पाण्याची बाटली रात्रीच पिशवीत. केंद्र दुसऱ्या गावी असेल तर एसटीची एक फेरी आधीची धरायची.

पेपर सुटला की फाटकाशी उत्तरं जुळवत थांबायचं नाही, पुढच्या विषयाची कार्डं बाहेर काढायची. आणि सगळं आटोपल्यावर हीच पानं धाकट्या भावंडांना किंवा ज्युनियरला द्यायची असतील, तर पहिल्या पानावर साल, पुस्तकाची आवृत्ती आणि विद्यापीठाचं नाव ठळक लिहूनच द्यायची.