शिवराईवरची अक्षरं कशी वाचावीत

साताऱ्यात कित्येक घरांच्या देव्हाऱ्यात तांब्याचं एक जाड, काळपट नाणं असतं, शिवाजी महाराजांच्या नावाची शिवराई. कुणीतरी म्हणतं, "महाराजांच्या काळातलं आहे," आणि लगेच त्याला चिंच चोळली जाते. चिंच लावू नका. लिंबू, राख, भांड्यांची पावडर, काहीही लावू नका. माझ्या आजीची शिवराई मी चिंच-मिठाने लखलखीत केली आणि 'राजा'मधला 'जा' कायमचा गेला. तो काळसर थर नाण्याला जपत असतो.

माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात दोन दिवस भिजवा, बाभळीच्या काट्याने हलकेच काढा, टिपून घ्या.

आता वाचन. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे दोन ओळींत 'छत्र पति'. एवढंच असतं, तरी माणसं महिनोन् महिने अडतात. मीही अडलो, कारण नाणं उलटं धरून वाचत होतो. ही नाणी हाताने घण मारून पाडलेली. दोन्ही बाजूंचे ठसे एकमेकांशी जुळवलेले नसत, त्यामुळे एक बाजू सुलटी लागली म्हणून पलटल्यावर दुसरीही सुलटी येईल असं नाही. प्रत्येक बाजू नव्याने फिरवून लावावी लागते. शिवाय ठसा चकतीपेक्षा मोठा, म्हणून कडेची अक्षरं बाहेरच राहतात. पूर्ण मजकूर शोधत बसू नका.

खोलीत अंधार करा, टॉर्च डावीकडून अगदी आडवी धरा आणि टॉर्च न हलवता नाणं फिरवा. सुरुवात 'छत्र पति'च्या बाजूने करा. चारच अक्षरं, त्यामुळे मोठी असतात. 'त्र' सापडला की दिशा कळते. तरीही जमेना तर वर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरवा; डोळ्यांना न दिसणारा काना कागदावर उमटतो. 'शिव'च्या जागी 'सिव' किंवा 'सीव' आलं तर नाणं खोटं ठरवू नका. टाकसाळी अनेक होत्या, ठसे कोरणारे हातही वेगळे.

चेहरा शोधू नका. महाराजांचं चित्र १९९९ च्या दोन रुपयांच्या अकरा कोनी स्मारक नाण्यावर आहे, शिवराईवर नाही.

नाव वाचलं म्हणजे काळ कळला, असं मात्र नाही. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हापासूनचं हे नाणं. १७०८ मध्ये शाहू महाराज साताऱ्यात छत्रपती झाले, पुढे कारभार पुण्याला पेशव्यांकडे गेला, तरी तांब्यावर नाव 'राजा शिव'च राहिलं. सत्ता कुणाच्याही हातात असो, लोकांनी मानायचं नाव तेच होतं. १८१८ ला पेशवाई बुडाली, १८३९ ला इंग्रजांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना पदच्युत करून काशीला धाडलं, १८४८ ला साताऱ्याचं राज्य खालसा झालं. शिवराया मात्र त्यानंतरही बाजारात फिरत होत्या. आज हाती येणाऱ्या बहुतेक शिवराया शिवाजी महाराजांच्या नंतरच्याच असतात. दोन आडव्या दांड्या दिसल्या तर ती दुदांडी, ती महाराजांच्या हयातीतली नव्हे.

लोहचुंबकाला चिकटली तर ती बनावट.

शेतात पुरलेला ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.

मग नाणं कागदी पाकिटात घाला. वर फक्त वाचलेली अक्षरं लिहा, दांड्या असतील तर 'दुदांडी'. न दिसलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या.