बँडच्या जुन्या टी-शर्टचं वय काढायचंय? आधी तो उलटा करा

बँडचा जुना टी-शर्ट हातात आला की बहुतेकांची नजर छातीवरच्या चित्राखालच्या सालावर जाऊन थांबते. मी कपडे दुरुस्त करते, त्यामुळे माझा हात आधी शर्ट उलटा करतो. चित्राखाली 'कॉपीराइट १९८७' लिहिलं असेल तर ते चित्राच्या हक्काचं साल. तेच चित्र वीस वर्षांनी पुन्हा छापलं तरी ती ओळ तशीच राहू शकते. म्हणून शिलाई, लेबल आणि छपाई यांचं वय वेगवेगळं काढायचं. त्यात जे सर्वांत अलीकडचं निघेल, त्याच्या आधीचा तो टी-शर्ट असूच शकत नाही. माझी सगळी पद्धत एवढ्यावरच उभी आहे.

बाह्यांची आणि तळाची दुमड बाहेरच्या बाजूने पाहा. टिपेची एक ओळ दिसली तर एकेरी टीप, समांतर दोन ओळी दिसल्या तर दुहेरी. अमेरिकन टी-शर्टांवर साधारण १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत एकेरी टीप सर्रास असायची, नंतर कारखाने दुहेरीकडे वळले. त्या बदलाच्या काळात बाह्यांना एकेरी आणि तळाला दुहेरी असेही शर्ट निघाले, तेव्हा दोन्ही जागा तपासा. विक्रेते एकेरी टिपेवर फार भर देतात, मला मात्र ती एकटी कधीच पुरत नाही. आजही तशी टीप कुणालाही मारता येते आणि नकली माल काढणारे ती मारतातच.

लेबल त्याहून जास्त सांगतं, कारण त्यामागे कायदे आहेत. अमेरिकेत धुण्याच्या सूचनांचं कायमचं लेबल लावायचा नियम जुलै १९७२ पासून लागू झाला. डिसेंबर १९८४ पासून तिथेच बनलेल्या कपड्यावरही देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. त्याआधी कित्येक लेबलांवर ते नसायचं, त्यामुळे ते नसेल तर शर्ट जुना असण्याची शक्यता वाढते. ते आहे म्हणून मात्र शर्ट १९८४ नंतरचाच, असं म्हणता येत नाही. बादली, त्रिकोण, इस्त्री अशा नुसत्या चिन्हांनी सूचना द्यायची मुभा तिथे १९९७ मध्ये मिळाली. युरोपात ही चिन्हं कितीतरी आधीपासून होती, म्हणून शर्ट कुठला आहे ते आधी पाहा. आणि लेबलाऐवजी मजकूर थेट गळ्याच्या कापडावर छापला असेल तर? हेन्स या अमेरिकन कंपनीने असे बिनलेबलाचे टी-शर्ट २००२ मध्ये आणले आणि मग ती पद्धत पसरली. तिथे १९८० च्या दशकाचा दावा संपतो.

लेबलवरच्या 'आरएन' क्रमांकावरून साल काढायची सूत्रं फिरत असतात. त्यांच्या नादी लागू नका. तो क्रमांक अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन कंपनीला देतं, शर्टाला नव्हे. एकदा मिळाला की कंपनी तोच दशकानुदशकं वापरते. तो कोणत्या कंपनीला दिला होता, एवढं त्यावरून शोधता येतं.

आता माझ्या हातातलं काम. जुनं लेबल काढून नव्या शर्टाला शिवणं सोपं आहे, लपवणं अवघड. मूळ लेबल बहुधा गळ्याची पट्टी लावतानाच शिवणीत धरलेलं असतं. आतल्या बाजूने भिंग लावून पाहा: लेबलपुरताच धागा वेगळ्या रंगाचा किंवा जाडीचा आहे का, जवळ सुईची रिकामी भोकं आहेत का, टीप मध्येच तुटून पुन्हा सुरू झाली आहे का? लेबल पिवळं पडलंय आणि आजूबाजूचं कापड कोरं आहे, तर मी पुढे बघतही नाही.

उलट प्रकारही होतो, जुन्या कोऱ्या शर्टावर आजची छपाई. कापड वापरून विटलं असेल तर छपाईही त्याच्याबरोबर झिजलेली हवी. रंगाच्या कडेला भिंग धरा. कापडावर आधीच उठलेले गोळे आणि लव शाईखाली चिकटून दबले असतील, तर छपाई कापडाच्या झिजेनंतरची आहे. तडे गेले म्हणून छपाई जुनी, असंही समजू नका. तडे मुद्दाम पाडता येतात आणि तड्यांची नक्षी छापताही येते.

अतिनील दिव्याखाली नवा शर्ट चमकतो, जुना चमकत नाही, असं म्हणतात. या परीक्षेवर मी विसंबत नाही. धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी द्रव्यं असतात आणि ती कुठल्याही काळच्या कापडात उतरतात. काळ्या शर्टाला तर ताणून बघूच नका. गंधकयुक्त काळ्या रंगात रंगवलेल्या सुती कापडात काळाबरोबर आम्ल तयार होऊ शकतं. मग वरून धडधाकट दिसणारं कापड बोटांत कागदासारखं फाटतं.

चित्रातूनही खालची मर्यादा मिळते, म्हणजे शर्ट ज्याच्या आधीचा असू शकत नाही ते साल. रोलिंग स्टोन्स या बँडचं जिभेचं बोधचिन्ह १९७१ मध्ये लोकांसमोर आलं, एसी/डीसी या बँडची विजेच्या रेघेची अक्षरं १९७७ मध्ये. दौऱ्याचे शर्ट आधीच छापून ठेवतात, त्यामुळे रद्द झालेल्या कार्यक्रमाचं शहर पाठीवर असेल तर शर्ट खोटा ठरत नाही. हक्काची ओळ नाही, शहराचं नाव चुकलंय, असे शर्ट कार्यक्रमाबाहेर विकणाऱ्यांनी त्याच काळी छापलेले असू शकतात. ते अधिकृत नसतात, पण जुने असू शकतात. मला ते फार प्रिय आहेत.

समजा, पाठीवर १९८८ च्या दौऱ्याची शहरं आहेत, पुढे कॉपीराइट १९८८ आहे, टीप एकेरी आहे, पण हक्काच्या ओळीशेजारी बारीक अक्षरांत वेबसाइटचा पत्ता आहे. तीन पुरावे एका बाजूला असले तरी निकाल पत्त्याचा: १९९० च्या दशकाच्या मध्यानंतरचा पुनर्मुद्रित शर्ट. विकताना तसंच लिहा, 'दौरा १९८८ चा, छपाई नंतरची', आणि सोबत लेबल, टीप आणि छपाईची कड यांचे जवळून काढलेले फोटो द्या.