वंशावळ जुळवताना कागद एकमेकांशी जुळत नाहीत? या चुका टाळा

वंशावळीसाठी मदत मागायला येणारे बहुतेक जण एकच प्रश्न घेऊन येतात. "शाळेच्या दाखल्यात एक आहे, फेरफारात दुसरं आहे आणि आत्या तिसरंच सांगते. यातलं खरं कुठलं धरू?" (फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याची सरकारी नोंद.) लगेच एक निवडून बाकीचे कागद बाजूला सारायची त्यांची तयारी असते. माझं म्हणणं असं की कुठलाही कागद धरण्याआधी तीन गोष्टी बघा: ही माहिती कोणी दिली, केव्हा दिली आणि कशासाठी दिली. एवढं बघितलं तरी बरेच कागद भांडायचे थांबतात. पण तेवढं थांबायला कोणाला वेळ नसतो. जातीच्या दाखल्यासाठी जुन्या नोंदी शोधणारे वाढले, तशी घाईही वाढली आहे आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येत आहेत.

एकाच नावाची दोन माणसं एक करणं

सगळ्यात जास्त वंशावळी इथंच बिघडतात. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत. त्यामुळे विठू बिन गणू, त्याचा मुलगा गणू बिन विठू आणि त्याचा मुलगा पुन्हा विठू बिन गणू. नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच, सर्व्हे नंबरही तोच. माणसं मात्र दोन आणि त्यांच्यात दोन पिढ्यांचं अंतर.

एका कुटुंबानं त्यांची तयार वंशावळ माझ्याकडे तपासायला आणली होती. पणजोबांच्या नावाचे दोन कागद त्यांना मिळाले होते. एक १८७०च्या दशकातलं गहाणखत, दुसरी १९३०च्या दशकातली वारस नोंद. गहाणखत करून देणारा माणूस तेव्हा वीस-पंचवीस वर्षांचा तरी असणार. वारस नोंदीत मात्र त्याच नावाचा माणूस मयत आणि त्याचा मुलगा 'अज्ञान', म्हणजे वयात न आलेला, पालनकर्ती आई. दोन्ही कागद एकाच माणसाचे मानले तर ऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला लहान मूल. इथं शंका यायला हवी होती. घरच्यांनी त्याऐवजी म्हातारपणी दुसरं लग्न केल्याची गोष्ट जोडली आणि चार वर्षांत ती गोष्ट 'आमच्या घरात पूर्वीपासून सांगतात' अशी झाली.

मधल्या काळातला फेरफार त्यांनी काढलाच नव्हता. आधीच्या कागदावर जे नाव तेच नंतरच्या कागदावर, म्हणजे मध्ये काही बदल झाला नसणार, असा त्यांचा हिशेब. तो फेरफार काढला तेव्हा त्यात सरळ लिहिलेलं निघालं की खातेदार मयत, वारस त्याच नावाचा नातू. मधला मुलगा बापाच्या हयातीतच, १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत गेला होता. त्यामुळे जमीन त्याच्या नावावर कधी चढलीच नाही. त्याच्या मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात सापडली. आणि ती 'दुसरी बायको' म्हणजे नातवाची बायको.

म्हणून मी हाती आलेली प्रत्येक नोंद आधी वेगळा माणूस समजून लिहिते. नाव आणि बापाचं नाव जुळलं म्हणून दोन नोंदी एक करत नाही. बायकोचं नाव, भावांची नावं, अज्ञान मुलाचं वय यांतल्या दोन गोष्टी तरी जुळायला हव्यात. बायकोचं नाव सगळ्यात कामाचं. 'सखू कोम विठू' आणि 'भागू कोम विठू' अशी दोन नावं दिसली तर दोन लग्नं हा एक अर्थ झाला, दोन विठू हा दुसरा. दुसरा अर्थ आधी तपासा. लोक नेमकं उलटं करतात, कारण दोन लग्नांची गोष्ट सांगायला रंगतदार असते.

नोंदीच्या तारखेला घटनेची तारीख समजणं

फेरफारावर जी तारीख असते ती नोंदीची असते. माणूस त्या दिवशी गेला असा तिचा अर्थ नाही. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत वारसानं तीन महिन्यांत वर्दी द्यावी असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात वाटणीचा वाद, कर्जाची गरज किंवा विक्री असं काही निघेपर्यंत कोणी चावडीकडे फिरकत नाही, हे गावात राहिलेल्या कोणालाही माहीत असतं. एका घरात आजी सांगायची की सासरे मानमोडीत गेले, म्हणजे १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत. फेरफार होता १९३१चा. शिकलेल्या नातवंडांनी आजीला खोटं ठरवून १९३१ लिहून टाकलं. सरकारी कागद आहे ना! गाव नमुना १४ काढला तर त्यात १९१८चीच नोंद. फेरफारही खोटा नव्हता, तो जमिनीबद्दल बोलत होता.

वयाच्या आणि सालाच्या बाबतीत म्हाताऱ्या माणसांवर आकड्यासाठी विश्वास ठेवू नका, प्रसंगासाठी जरूर ठेवा. 'पानशेतच्या पुराच्या वर्षी', 'कोयनेच्या भूकंपात मी कडेवर होते', 'बहात्तरच्या दुष्काळात' अशा खुणा क्वचितच चुकतात. पानशेत १२ जुलै १९६१, कोयना ११ डिसेंबर १९६७. मी "तुमचं वय तेव्हा किती?" असं विचारतच नाही. "तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? मोठा मुलगा चालत होता का?" असं विचारते.

नाव नाही म्हणजे माणूसच नव्हता असं धरणं

सातबाऱ्यावर नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं की तिथं थांबा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एकाचं नाव लागलं आहे आणि त्याच्यामागे भाऊ असू शकतात. ही तीन अक्षरं न वाचता लोक अख्ख्या शाखा तोडून टाकतात आणि मग चुलत घराण्याला म्हणतात, तुमचा आमचा संबंध नाही. तीच गोष्ट मुलींची. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारस नोंदी म्हणजे मुलाबाळांची यादी नव्हे. मुलगे असले की मुलींची नावं त्यात बहुधा येतच नाहीत. जुन्या जन्मनोंदीत तर कित्येकदा बाळाचं नावही नसतं, 'अमक्याला मुलगा' एवढंच असतं. त्या मुलाचा आपल्या आजोबांशी परस्पर मेळ घालू नका. तो मुलगा म्हणजे लहानपणी गेलेला थोरला भाऊही असू शकतो. पुढच्या दोन-चार वर्षांच्या मृत्यूनोंदी बघितल्याशिवाय मी अशी नोंद कोणालाही जोडत नाही.

सालांचा गोंधळ

शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. माघ वद्य शके १८२० म्हणजे १८९९, १८९८ नव्हे. या एका वर्षापायी दोन कागद 'जुळत नाहीत' म्हणणारे पुष्कळ भेटतात. मराठवाड्यातल्या निजामकाळच्या कागदांवर फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, असतो, त्यात ५९० किंवा ५९१ मिळवा: फसली १३४० म्हणजे १९३०-३१. पेशवाईतल्या मोडी कागदांवर शुहूर सन येतो, तोही आकड्यांत नाही, अरबी शब्दांत. 'सलास सितैन मया व अलफ' म्हणजे ११६३, त्यात ५९९ मिळवले की १७६२-६३. शुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून दोन वर्षं लिहायची. वहीत मूळ साल जसंच्या तसं आणि शेजारी आपण काढलेलं साल, असं दोन्ही ठेवा. नुसतं ईसवी सन उतरवून घेणाऱ्यांची टिपणं मी तपासायला घेत नाही.

काही लहान, पण रोजच्या चुका

शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली तर तिला पुरावा म्हणू नका. नाव घालताना गुरुजींनी केलेली ती सोय असते.

आडनाव सारखं म्हणून घराणं एक होत नाही. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही वतनं ठिकठिकाणी होती.

एकाच माणसाच्या बापाची दोन नावं आली तर दत्तकाचा विचार करा आणि दत्तकपत्र शोधा. दोन्ही नावं खरी असू शकतात.

मोडी कागदातलं नुसतं नाव वाचून घेऊ नका, पूर्ण मजकुराचं लिप्यंतर करून घ्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. नावाचं लेखन वेगळं दिसलं म्हणून माणूस वेगळा ठरत नाही.

त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्या पिढ्यांच्या क्रमासाठी फार मोलाच्या आहेत. यात्रेकरूनं स्वतः सांगितलेली बाप-आजोबांची नावं मी सहसा मानते, त्याच्या मागची नावं ऐकीव म्हणून वेगळ्या शाईनं लिहिते. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे लोक, सांगतात त्या वंशावळीलाही माझा हाच नियम.

न जुळणारी नोंद गाळणं

यावर मला खरंच राग येतो. चार्ट स्वच्छ दिसावा म्हणून अडचणीचा कागद फाइलमधून काढून टाकायचा, आणि मग तोच चार्ट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. आठवडाभरात तो पाच घरांत पोचतो आणि तीच पाच घरं उद्या एकमेकांचा पुरावा म्हणून पुढे येतात. एका माणसाचं म्हणणं पाच ठिकाणी उतरलं म्हणून पाच पुरावे होत नाहीत. त्यामुळे दुसऱ्याची वंशावळ हाती आली की आधी विचारा: हे तुम्ही कुठून घेतलं? उत्तर 'काकांकडून' असेल तर काकांकडे जा.

जिथं उलगडा होत नाही तिथं मी तीन ओळी लिहिते. पहिल्या ओळीत आजचं मत आणि त्याचं कारण. दुसरीत त्याविरुद्ध जाणारी नोंद, तिच्या नमुना नंबरासह आणि पान क्रमांकासह. तिसरीत अजून न बघितलेले कागद: शेजारच्या गावचा गाव नमुना १४, आजोळच्या शाळेचं जनरल रजिस्टर, भावकीतल्या दुसऱ्या खात्याचे फेरफार. चार्टवर त्या जागी तुटक रेघ. नवा कागद मिळाला की ती पक्की करायची किंवा खोडायची, आणि जुन्या तीन ओळी तारखेसह तशाच राहू द्यायच्या.