बेपत्ता माणसाची नोंद घेताना

नेपाळच्या बर्दिया जिल्ह्यात मी तीन वर्षं काम केलं. युद्धाच्या काळात ज्यांना घरातून उचलून नेलं आणि जे परत आलेच नाहीत, त्यांच्या घरी जाऊन हकिगत लिहून घ्यायची, एवढंच ते काम. आपल्याकडची समाजकार्य शिकलेली मुलंमुली अशा कामाला निघतात तेव्हा फोन करतात, "ताई, तिथे नेमकं काय करायचं?" फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

निघण्याआधी थोडा इतिहास डोक्यात पक्का असू द्या. माओवादी आणि सरकार यांच्यातलं युद्ध फेब्रुवारी १९९६ मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबर २००६ च्या शांतता कराराने संपलं. सुमारे सतरा हजार माणसं मेली. तेराशेहून जास्त लोकांचा पत्ता आजही लागलेला नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये बोलणी फिसकटली, माओवाद्यांनी दांग जिल्ह्यातल्या लष्करी छावणीवर हल्ला केला, २६ तारखेला आणीबाणी लागली आणि सैन्य गावागावांत उतरलं. सगळ्यात जास्त माणसं बर्दियातून बेपत्ता केली गेली आणि त्यातले बहुतेक थारू, म्हणजे तिथल्या सपाट तराईतला आदिवासी समाज. जुलै २००० पर्यंत यांच्यातली कित्येक घरं कमैया, म्हणजे जमीनदाराकडे वेठीला बांधलेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने डिसेंबर २००८ मध्ये फक्त या एका जिल्ह्यावर अहवाल काढला, त्यात १७० प्रकरणं आहेत. बहुतेक सैन्याने आणि पोलिसांनी नेलेल्यांची, काही माओवाद्यांनी नेलेल्यांची. दोन्हींची घरं तुमच्या यादीत हवीत. मी चंद्रपूरची, दोन बंदुकांच्या मधे सापडलेलं गाव कसं बोलतं ते मला थोडंफार माहीत होतं. एकाच बाजूची घरं फिरलात, तर दुसऱ्या दिवशी कोणीच दार उघडणार नाही.

पहिली काळजी भाषेची. लिपी देवनागरी, शब्द ओळखीचे, त्यामुळे आपल्याला सगळं समजतंय असं वाटत राहतं. तिथल्या अर्जावर 'शिक्षा' असा रकाना असतो. ती शिक्षा म्हणजे शिक्षण. 'बेपत्ता' हा शब्द तर जसाच्या तसा आपलाच. पण आपण म्हणतो बेपत्ता झाला, जणू तो आपणहून कुठे निघून गेला. तिथले लोक म्हणतात 'बेपत्ता पारिएको', बेपत्ता केलेला. कोणीतरी केलंय, आणि ते कोणी केलं हाच तर सगळा प्रश्न आहे. तुमच्या मराठी टिपणातसुद्धा 'झाला' लिहू नका, 'केला' लिहा. माझ्या पहिल्या दोन वह्यांत सगळीकडे 'झाला' आहे. आज त्या उघडल्या की वाईट वाटतं.

शिवाय बर्दियात घरातली भाषा नेपाळी नसते, थारू असते. म्हाताऱ्या बायका नेपाळीत विचारलं तर नेपाळीतच उत्तर देतात, पण दोन वाक्यांत. तेच थारूत विचारलं की अर्धा तास बोलतात. दुभाषी थारूच हवा, पण त्या गावचा नको आणि कुठल्याही पक्षाचा नको. त्याच गावातला माणूस कितीही चांगला असला तरी त्या काळात कोणी कोणाचं नाव सांगितलं होतं, हे गावाला आठवत असतं.

गावात शिरताना आधी बडघरला भेटा. बडघर म्हणजे थारूंचा गावप्रमुख, माघीला, म्हणजे माघाच्या सुरुवातीच्या थारूंच्या सणाला, गाव त्याला निवडतं. पीडितांच्या स्थानिक समितीलाही सांगा. गाडी घेऊन जाऊ नका. त्या रात्री गाड्याच आल्या होत्या. प्रदेश सपाट आहे, सायकल पुरते.

त्या घराबद्दल आधी जे लिहिलं गेलंय ते वाचूनच जा. रेड क्रॉसची बेपत्तांची यादी आहे, इन्सेक ही संस्था दरवर्षी मानवाधिकार वर्षपुस्तक काढते, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रारी आहेत. २०१५ मध्ये बेपत्तांच्या चौकशीसाठी आयोग बसला, त्याच्याकडे तीन हजारांहून जास्त अर्ज गेले. म्हणजे त्या घरातली बाई हे सगळं आधी पाच-सहा जणांना सांगून बसलेली आहे. "पुन्हा पहिल्यापासून सांगा" म्हणू नका. "तुम्ही यांना असं सांगितलंय, मी वाचून दाखवते, कुठे चुकलंय का?" असं सुरू करा. तिचा वेळ वाचतो, आणि आधीच्या नोंदीतल्या चुकाही सापडतात. मला दर दोन-तीन घरांमागे एक चूक सापडायची. कुठे वय, कुठे गाव, एकदा तर भावाचं नाव बेपत्ता माणसाच्या जागी.

बसल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरवून जा. "मी त्यांना शोधून आणू शकत नाही, पैसे मिळवून देऊ शकत नाही. तुम्ही सांगाल ते नीट लिहून ठेवू शकते." बस, एवढंच. हे ऐकून काहीजणी उठून जातात. जाऊ द्या. सरकारने अंतरिम मदत दिली, ती हप्त्याहप्त्याने दहा लाख नेपाळी रुपयांपर्यंत गेली. पण त्यासाठी किती खेटे घालावे लागले ते प्रत्येक घराला आठवतं. वहीपेन घेऊन आलेला माणूस म्हणजे पैशाचा माणूस, ही समजूत तिथूनच आली.

संमती एका सहीत घेऊ नका, तीन वेगवेगळे प्रश्न विचारा. नाव लिहू का? फोटो काढू का? हे आयोगाला किंवा वकिलाला देऊ का? पहिल्याला हो म्हणणारी तिसऱ्याला नाही म्हणू शकते, आणि तो तिचा अधिकार आहे. तीन उत्तरं तीन ओळींत लिहा.

आता तारीख, आणि इथे जरा सावकाश वाचा. तिथे विक्रम संवत चालतो. वर्ष एप्रिलच्या मध्यात बदलतं, महिने सौर आहेत. इंग्रजी वर्ष काढायला बैशाखपासून पुसच्या (आपला पौष) मध्यापर्यंत ५७ वजा करा, तिथून पुढे चैतपर्यंत ५६. म्हणजे २०५८ चा मङ्सिर (आपला मार्गशीर्ष) हा २००१ मधला, पण २०५८ चा माघ २००२ मधला. महिन्यांची नावं आपलीच वाटतात आणि तिथेच पाय घसरतो. एका घरी आईने "माघ" सांगितलं, मी घरच्या सवयीने फेब्रुवारी-मार्च लिहिलं. त्यांचा माघ जानेवारीच्या मध्यात लागतो. त्याच रात्री उचललेल्या दुसऱ्या मुलाच्या नोंदीशी माझी तारीख महिन्याने जुळेना, आणि दोघांना एकत्र नेलं होतं हा सगळ्यात महत्त्वाचा धागा माझ्या वहीत तुटला. पुढच्या भेटीत तो जोडता आला, पण महिनाभर ती चूक तशीच पडून होती. तेव्हापासून मी तारीख विचारतच नाही. "तिहारच्या आधी की नंतर? माघीला ते घरी होते का? भात घरात आला होता का? चांदणं होतं का?" असं विचारते. तिहार म्हणजे आपली दिवाळी. तो गेला त्या वर्षी माघीला डुकराचं मटण कोणी केलं, हे आईला वीस वर्षांनीही आठवतं. तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहा, इंग्रजी तारीख शेजारी पेन्सिलीने.

पुढचं पान तीन उभ्या रकान्यांत आखा: पाहिलं, ऐकलं, वाटतं. "सैन्याने नेलं" हे वाक्य तिन्हींत कुठेही बसू शकतं. गणवेश पाहिला का, कुठल्या रंगाचा? किती जण होते, गाडी कुठे उभी होती, एकमेकांना काय हाक मारत होते? नंतर बराकीत विचारायला कोण गेलं, त्याला कोणी काय उत्तर दिलं? परत सुटून आलेल्या कोणी आत त्याला पाहिलं का? तो सुटून आलेला माणूस हाच सगळ्यात मोठा साक्षीदार असतो, आणि त्याच्याकडे कोणी गेलेलंच नसतं. रकाने मिसळू दिलेत तर समोरचा वकील एक 'वाटतं' पकडून दहा 'पाहिलं' उडवून लावतो.

नोंद टिकली तर काय होतं, त्याचं एक उदाहरण मी नेहमी सांगते. काभ्रे जिल्ह्यातली माइना सुनुवार पंधरा वर्षांची होती. फेब्रुवारी २००४ मध्ये सैनिकांनी तिला घरातून नेलं, पाँचखालच्या बराकीत छळात ती मेली. तिची आई देवी सुनुवार कागद घेऊन वर्षानुवर्षं फिरत राहिली. २००७ मध्ये बराकीच्या आवारातून अवशेष निघाले. एप्रिल २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने तीन माजी अधिकाऱ्यांना, ते हजर नसताना, दोषी ठरवलं. तेरा वर्षं लागली. तुम्ही लिहिलेलं पान तेरा वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या हातात असेल, हे धरून लिहा.

म्हणूनच अंगावरच्या खुणा विचाराव्या लागतात. उंची, मोडलेलं हाड, पडलेला किंवा वाकडा दात, त्या रात्रीचे कपडे, कमरेचा पट्टा, चप्पल. हे प्रश्न शेवटी विचारा आणि का विचारताय ते आधी सांगा, कारण ते ऐकताक्षणी आई ओळखते की आपण मेलेल्या माणसाबद्दल बोलतोय. पुरल्याची जागा कोणी दाखवली तर खणू नका, कोणाला खणूही देऊ नका. लांबून फोटो काढा, झाड-विहीर-बांध यांच्या खुणा लिहा आणि वकिलाला व मानवाधिकार आयोगाला कळवा. हाडं हलली की पुरावा गेला.

मूळ कागद कधीही घेऊन जाऊ नका. नागरिकता म्हणजे नागरिकत्वाचा दाखला, आयोगाच्या अर्जाची निस्सा म्हणजे पोचपावती, शाळेचा दाखला, सगळं जागेवर उजेडात ठेवून फोटो काढा आणि तिच्या हातात परत द्या. एका घरी नवऱ्याचा एकुलता एक फोटो कुठल्याशा संस्थेच्या माणसाने "परत देतो" म्हणून नेला होता. भिंतीवर खिळा तसाच होता. मी गेले तेव्हा ती बाई बोलताना अधूनमधून त्या खिळ्याकडे बघायची.

बायकांवर अत्याचार झाला का, हे पहिल्या भेटीत विचारू नका, सासूसमोर तर नाहीच. पुढे तिला नेण्यासाठी डॉक्टर आणि समुपदेशक तुमच्याकडे नसतील, तर मुळीच विचारू नका. अंतरिम मदतीत छळ झालेले आणि बलात्कार झालेल्या बायका धरल्याच नव्हत्या, म्हणून कितीतरी जणींनी तोंड उघडलेलंच नाही. ती आपणहून बोलली तर पेन खाली ठेवून ऐका, नंतर लिहू का विचारा.

आणि तिला विधवा म्हणू नका. ती कपाळाला सिंदूर लावते की नाही, हातात चुरा म्हणजे बांगड्या आहेत की नाहीत, याकडे टक लावून बघूही नका. जमीन नावावर करायला गेलं की कचेरी नवरा मेल्याचा दाखला मागते, मुलाची नागरिकता काढायला गेलं की बाप कुठे आहे विचारते. दाखला घ्यायचा म्हणजे आपल्या हाताने त्याला मारायचं, असं मला एकजण म्हणाली. तिलाच मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "के गर्नुहुन्थ्यो?" म्हणजे काय काम करायचे? तिने मला थांबवलं. "गर्नुहुन्छ," ती म्हणाली. करतात. मी वहीत खोडून 'करतात' लिहिलं, आणि तेव्हापासून त्या माणसाच्या नोंदीत सगळी क्रियापदं वर्तमानकाळात आहेत. दुसऱ्या घरी कदाचित 'होते' म्हणतील. तिथे 'होते' लिहा. काळ त्यांनी ठरवायचा.

तिनेच नंतर मला विचारलं, "बहिनी, तुम्ही मुंबईकडच्या ना?" तिला तेव्हा सांगितलं गेलं होतं की नवरा मुंबईला चौकीदारीला गेला असेल, येईल. त्या काळात खरंच हजारो नेपाळी पोरं कामाला आपल्याकडे आली होती, त्यामुळे ते खोटं म्हणताही येईना. "तिकडे कुठल्या बिल्डिंगच्या गेटवर दिसले तर..." एवढं बोलून ती थांबली. "बघते" असं माझ्या तोंडून निघणार होतं. तेच बोलायचं नसतं. मी म्हटलं, "मला शोधता येणार नाही, दिदी. पण तुम्हाला असं सांगितलं गेलं, कोणी सांगितलं, कधी सांगितलं, हे लिहून ठेवू?" ती हो म्हणाली. 'ऐकलं'च्या रकान्यात ते आहे.

लिहून झालं की सगळं मोठ्याने वाचून दाखवा, थारूत. चुका तिथेच दुरुस्त करा, खाडाखोड लपवू नका, शेजारी तारीख टाका. आठवड्याभरात स्वच्छ प्रत नेऊन द्या. बहुतेक घरी ती पत्र्याच्या पेटीत नागरिकतेच्या कागदांजवळ जाते. जाताना प्लास्टिकची पिशवी न्या, पावसाळ्यात पेटीत ओल येते. पुन्हा कधी येणार तो दिवस त्यांच्या पंचांगाने सांगा, आणि त्या दिवशी जा, सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी.