जुनी इस्त्री, रेडिओ, फ्यूज उघडताना या चुका टाळा

जुन्या बाजारात मिळालेली जड इस्त्री बॉडीला शॉक देते म्हणून लगेच स्क्रू काढायला बसू नका. त्या काळच्या बऱ्याच इस्त्र्यांत कॉइलच्या वर ॲस्बेस्टॉसची शीट असते. हे उष्णता अडवणारं तंतुमय खनिज, त्याचे तंतू श्वासात गेले तर कर्करोग होऊ शकतो. आधी प्लग काढून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा. ५०० व्होल्टला पिन आणि बॉडी यांच्यात १ मेगओहमहून कमी आलं, तर इन्सुलेशन गेलंय हे न उघडताच कळतं. ॲस्बेस्टॉस ओल धरतो. उन्हात वाळवून रीडिंग सुधारेलही, पण पावसाळा आला की पुन्हा तेच.

अभ्रकाला ॲस्बेस्टॉस समजून घाबरणारे आणि ॲस्बेस्टॉसला अभ्रक समजून खरवडणारे, दोन्ही भेटतात. कॉइल गुंडाळलेला अभ्रक चकचकीत असतो, त्याचे पापुद्रे सुटतात. ॲस्बेस्टॉस करडा-पांढरा, पुठ्ठ्यासारखा, कडेला तंतू सुटलेला. काडी लावून बघण्यात अर्थ नाही, काचतंतूही जळत नाहीत. खात्री प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच होते. तोवर आहे असंच धरा.

सगळ्यात वाईट सवय ब्लोअर मारण्याची, आणि रेडिओवाल्यांना ती फार. काही एसी-डीसी व्हॉल्व्ह रेडिओंत (काचेच्या नळ्यांचे जुने रेडिओ) तापणाऱ्या रेझिस्टन्सजवळ कॅबिनेटला आतून ॲस्बेस्टॉसचा तुकडा ठोकलेला असतो. त्यावर हवेचा एक झोत मारला की न दिसणारे तंतू तासन्‌तास खोलीत तरंगतात. घरचा व्हॅक्यूम क्लीनर ते मागून परत बाहेर सोडतो, साधा कापडी मास्क काही अडवत नाही. मेसोथेलिओमासारखा (फुप्फुसाच्या आवरणाचा) कर्करोग दिसायला बहुधा २० ते ४० वर्षं लागतात, म्हणून ‘इतकी वर्षं करतोय, काही झालं नाही’ या बोलण्याला किंमत शून्य.

जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये (चिनी मातीचा, तार बदलायचा फ्यूज) ठिणगी दाबायला ॲस्बेस्टॉसचं अस्तर असू शकतं. तार बदलताना ते स्क्रू-ड्रायव्हरने उकरू नका. इलेक्ट्रिशियनकडून एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) बसवून घ्या.

चुकून उघडलंच असेल तर प्लग काढलाय याची खात्री करा, पंखा बंद करा, साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा, ओल्या फडक्याने पुसा. फडक्यासकट सगळं दुहेरी प्लास्टिक पिशवीत बंद करून वर ‘ॲस्बेस्टॉस’ असं लिहा. भंगारवाल्याला देऊ नका, तो तांब्यासाठी हातोड्याने फोडणार. विल्हेवाटीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारा.

इस्त्रीत बदलायला दुकानातून आणलेली नवी शीट सुरक्षितच असेल असंही समजू नका. ॲस्बेस्टॉसच्या पांढऱ्या प्रकारावर भारतात सरसकट बंदी नाही. इस्त्री फक्त शोकेससाठी हवी असेल तर सुती वेष्टणाची वायर कापू नका, तिच्यातही ॲस्बेस्टॉस असू शकतो. कनेक्टरसकट ओढून काढा आणि तशाच दुहेरी पिशवीत टाका.