आपल्यातून गेलेल्या माणसांचे स्मृतिलेख कसे तयार करायचे

गृहसंस्था, वाचनालय, गायनवर्ग, क्रीडामंडळ, कामगार संघटना. कुठल्याही लहान समूहातून वर्षभरात काही माणसं जातात. फलकावर फोटो लागतो, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहिलं जातं आणि इतिवृत्तात एक ओळ येते: 'खालील सभासदांच्या निधनाबद्दल ही सभा दुःख व्यक्त करते.' त्या ओळीतून माणूस कळत नाही. दहा वर्षांनी इतिवृत्त वाचणाऱ्याला तर फक्त नाव दिसतं.

खालची पद्धत प्रत्येक व्यक्तीमागे साधारण ३०० शब्दांचा लेख, एक चांगला फोटो आणि जमल्यास तिच्या आवाजाची एखादी नोंद जमवण्याची आहे. एका व्यक्तीसाठी सगळं मिळून आठ-दहा तास लागतात, पण ते तीन-चार आठवड्यांत विखुरलेले असतात. दोघांनी मिळून हे काम करावं. एकाने बोलावं, दुसऱ्याने टिपून घ्यावं.

आधी दोन नियम लिहून ठेवा

पहिला नियम, कुणाची नोंद होणार. फक्त सभासदांची, की घर सोडून दुसरीकडे गेलेल्यांचीही? लहान मुलांची? रखवालदाराची, जिना झाडणाऱ्या बाईंची? आमचं मत स्पष्ट आहे: ज्यांच्या येण्या-जाण्याने समूहाचा दिवस चालत होता, ते सगळे यादीत हवेत. तुमचं ठरेल ते ठरेल, पण नावं समोर येण्याआधी ठरवा. नंतर ठरवलं तर प्रत्येक निर्णय हा त्या माणसाबद्दलचा निवाडा वाटतो.

दुसरा नियम, सगळ्यांना सारखी जागा. अध्यक्ष असो की मागच्या रांगेत गप्प बसणारा, मजकूर २५० ते ३५० शब्द आणि फोटो एकाच मापाचा. मर्यादा नसेल तर वजनदार माणसाला दोन पानं मिळतात आणि बाकीच्यांना दोन ओळी, आणि घरचे लोक त्या ओळी मोजतात. एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ अमेरिकेत १९८७ साली जी मोठी गोधडी जोडायला सुरुवात झाली, तिच्यातला प्रत्येक तुकडा ३ फूट × ६ फूट मापाचाच ठेवला गेला. त्या तुकड्यांवरची चित्रं, कपडे, अक्षरं मात्र ज्याची त्याची वेगळी आहेत. आपल्यालाही तेच करायचं आहे.

केव्हा विचारायचं

पहिल्या आठवड्यात फक्त भेटायला जा. काम म्हणून दोनच गोष्टी बोला. एक, पुढे आम्ही कुणाशी बोलावं, ते एक नाव घ्या. दुसरी, त्यांचा फोन इतक्यात कोरा करू नका, अशी विनंती करा. फोटो, आवाजी संदेश, हिशेबाच्या नोंदी त्यातच असतात, आणि फोन नातवंडाला देण्याच्या घाईत ते सगळं पहिल्या महिन्यातच पुसलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं गेलं नाही की काढून टाकलं जातं. गेलेल्या व्यक्तीने पाठवलेले आवाजी संदेश इतरांच्या फोनमध्येही असतात, तेव्हा समूहातल्या लोकांना ते शोधून जपून ठेवायला सांगा. अकरा सेकंदांचा 'मी खाली थांबलोय, या' हा संदेशसुद्धा घरच्यांना पुढे फार मोलाचा वाटतो.

सविस्तर बोलायला तिसरा ते सहावा आठवडा बरा. त्याआधी घरात माणसांची वर्दळ असते आणि बोलणाऱ्याला उसंत नसते. त्यानंतर कपाट रिकामं झालेलं असतं, कागद रद्दीत गेलेले असतात, आणि सगळे त्याच दोन-तीन आठवणी सांगू लागलेले असतात. गेलेल्या व्यक्तीची भावंडं किंवा जुने मित्र वयस्क असतील तर त्यांच्यासाठी थांबू नका.

कुणाला आणि काय विचारायचं

किमान तिघांशी बोला: घरातलं एक, बरोबर काम केलेलं एक, आणि वेगळ्या पिढीचं एक. हा तिसरा माणूस सहसा राहून जातो. शेजारच्या शाळकरी मुलीला जे माहीत असतं ते मुलाला माहीत नसतं.

'ते कसे होते?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं येतं: फार चांगले होते. त्याऐवजी ज्याचं उत्तर कृतीत द्यावं लागेल असं विचारा. सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचे? त्यांच्या पिशवीत कायम काय असायचं? कशावरून चिडायचे? दुरुस्तीला दुसऱ्याला हात लावू देत नसत अशी कुठली वस्तू होती? पैसे कसे मोजायचे? कुणाला काय शिकवलं? एखादी वस्तू समोर ठेवून बोलणं सुरू केलं तर सोपं जातं: चश्मा, हत्यार, वही, शिवणाचा डबा. फोटोंचा अल्बम मात्र शेवटी उघडा. तो आधी उघडला की सगळा वेळ 'हा कोण, ती कोण' यातच जातो.

बैठक ४५ मिनिटांची ठेवा, फार तर तासाभराची. आवाज नोंदवायचा असेल तर आधी विचारा आणि होकार आला की तो होकारही नोंदवून घ्या. फोन 'फ्लाइट मोड'वर टाका, नाहीतर मध्येच कॉल येऊन नोंद तुटते. तो थेट टेबलावर न ठेवता घडी केलेल्या कापडावर ठेवा, कारण पेला ठेवल्याचा धक्काही लाकडातून आत जातो. पंखा कमी करा. सुरुवातीला तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने सांगा. बोलणारा रडू लागला तर नोंद थांबवा, पण लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. गप्प बसा. बहुतेक वेळा त्यानंतरच खरी गोष्ट बाहेर येते.

तपासणी

चुका कुठे होतात हे ठरलेलं आहे. नावाचं लेखन: ऱ्हस्व-दीर्घ, आडनावातला 'ळ' की 'ल'. घरच्यांच्या हाताने कागदावर लिहून घ्या, फोनवर ऐकून लिहू नका. वय: बरेच जण चालू वर्ष सांगतात, आपल्याला पूर्ण झालेली वर्षं हवीत, म्हणून जन्मतारखेवरून स्वतः काढा. जन्मतारीख: जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना अंदाजाने लिहिलेली तारीखच पुढे सगळ्या कागदांवर आलेली असते. घरचे वेगळी सांगत असतील तर लेखात नुसतं साल द्या. नोकरीची सालं आणि हुद्दा: आठवणीत हुद्दा एखाद्या पायरीने वर चढतो, म्हणून एखादा कागद बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची दोन्ही नावं विचारा, नाहीतर शाळेतल्या मैत्रिणींना कळतही नाही की ही तीच. आणि लोक ज्या नावाने हाक मारायचे तेही द्या.

प्रत्येक तारीख, नाव, ठिकाण दोन जागी जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर ते गाळा. लेख त्याने लंगडा होत नाही. चुकीचं साल छापलं तर मात्र घरचे पूर्ण लेखच चुकीचा मानतात.

लिहिणं

इथे वेळ द्या. बहुतेक श्रद्धांजल्या विशेषणांवर चालतात: मनमिळाऊ, हसतमुख, शिस्तप्रिय, परोपकारी. ही चारही कुणालाही लावता येतात, म्हणून त्यातून कुणीच दिसत नाही. पहिला मसुदा झाला की प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारा, आणि ते कशावरून म्हटलं ती कृती त्याच्या जागी लिहा.

समजा मसुद्यात असं आहे: 'ते वाचनालयाचे अत्यंत शिस्तप्रिय व सर्वांना सांभाळून घेणारे कार्यकर्ते होते.' टिपणं पुन्हा वाचल्यावर ते असं लिहिता येईल: 'वाचनालयाची किल्ली त्यांच्याकडे असे. उघडायच्या वेळेआधी पंधरा मिनिटं येऊन ते कालची वर्तमानपत्रं काढत आणि आजची दांडीला लावत. पुस्तक परत न करणाऱ्यांची नावं त्यांनी कधी फलकावर लावली नाहीत. संध्याकाळी फिरायला निघाले की त्या घराची बेल वाजवत आणि पुस्तक मागून आणत.' शिस्तही आली, सांभाळून घेणंही आलं.

सुरुवात जन्मापासून करू नका. ज्या गोष्टीने लोक त्यांना ओळखत तिथून करा, दुसऱ्या परिच्छेदात जन्म, शिक्षण, काम, कुटुंब थोडक्यात घ्या, मग समूहातलं त्यांचं काम, आणि शेवटी तिघांपैकी कुणीतरी सांगितलेली एक गोष्ट जशीच्या तशी. 'अनंतात विलीन', 'काळाने घाला घातला', 'कधीही न भरून येणारी पोकळी' ही वाक्यं काढा. तीनशे शब्दांत त्यांना द्यायला जागा नाही. पदांची आणि सत्कारांची यादी दोन ओळींच्या वर जाऊ देऊ नका.

तापट माणसाला शांत करू नका. 'सभेत ते आवाज चढवत, आणि हिशेबाचा कागद समोर आल्याशिवाय खाली बसत नसत' हे खरं आहे आणि त्यात अपमानही नाही. पण जिथे त्यांनी खरोखर कुणाला दुखावलं आहे, ते झाकायला कौतुक रचू नका. दुखावलेला माणूसही तो लेख वाचणार आहे. अशा वेळी नोंद कोरडी आणि नेमकी ठेवा.

लहान मूल गेलं असेल तर 'फुलण्याआधीच कोमेजलं' असं काही लिहू नका. ते जेवढं जगलं तेवढं पूर्ण लिहा: काय आवडायचं, कुणाच्या मांडीवर बसायचं, कुठला शब्द स्वतःच्या पद्धतीने म्हणायचं.

मृत्यूचं कारण घरच्यांनी सांगितलं आणि लिहायला होकार दिला तरच द्या. आत्महत्या असेल तर परवानगी मिळाली तरीही पद्धत, जागा किंवा चिठ्ठीतला मजकूर द्यायचा नाही, आणि परीक्षा, कर्ज, भांडण असं एकच कारण दाखवायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचनाही हेच सांगतात. अशा वर्णनाने आधीच खचलेल्या वाचकाला धोका वाढतो. त्याच पानावर मदत कुठे मिळते ते द्या.

घरच्यांना दाखवणं

मसुदा त्या एका नेमलेल्या नातलगाला द्या आणि स्पष्ट सांगा: तथ्यं तपासा, नको असलेलं खुणा करा, सात दिवसांत कळवा. 'कसं वाटतं बघा' असं म्हणून दिलात तर विशेषणं परत येतात. कुटुंबात दोन बाजू असतील, दुसरं लग्न, तुटलेला संवाद, तर 'मागे कोण कोण आहे' ही यादी दोन्ही बाजूंना वाचून दाखवा. तेवढंही जमत नसेल तर नावं न देता 'मागे त्यांचा परिवार आहे' एवढंच लिहा. कुणाचं नाव गाळून दुसऱ्याचं छापणं हे सगळ्यात जास्त जखम करतं.

पूर्ण जन्मतारीख, घराचा पत्ता, आईचं माहेरचं आडनाव, खात्यांचे किंवा ओळखपत्रांचे तपशील प्रसिद्ध मजकुरात नकोत. मृत व्यक्तीच्या नावाने फसवणूक करणाऱ्यांना एवढं पुरतं. संपूर्ण नोंद वेगळ्या, बंद फाइलमध्ये ठेवा.

फोटो

शेवटच्या आजारातला फोटो नको. ओळखपत्रावरचाही शक्यतो टाळा. काम करताना, बोलताना, हातात काही असताना काढलेला मागा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवला की तो आक्रसतो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. कागदी फोटो ४ × ६ इंच मापात छापायचा तर १२०० × १८०० पिक्सेल हवेत. तेवढ्याच मापाची मूळ प्रत ३०० डीपीआयने (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केली तर पुरते, पण ३५ × ४५ मिमीचा पासपोर्ट फोटो १२०० डीपीआयने स्कॅन करावा लागतो. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधला निघत नसेल तर पानासकट. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. मूळ फोटो त्याच दिवशी परत करा. घरी नेलात तर हरवण्याची शक्यता आणि मनावरचं ओझं, दोन्ही वाढतात.

सभेत वाचताना

३०० शब्द सावकाश वाचायला साधारण तीन मिनिटं लागतात. सातपेक्षा जास्त नावं असतील तर प्रत्येकाचे ७०-८० शब्द निवडा आणि पूर्ण लेख छापून वाटा. क्रम निधनाच्या तारखेप्रमाणे किंवा अकारविल्हे ठेवा, मानाप्रमाणे नको. नाव उच्चारल्यावर दोन श्वास थांबा, मगच पुढे वाचा. घरच्यांना वाचायचं असेल तर तोच कागद दुसऱ्या कुणाच्या हातातही द्या, म्हणजे गळा दाटला तर पुढचं वाक्य तो माणूस उचलेल. आयत्या वेळी 'कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का' असं विचारणं टाळा. ज्यांना बोलायचं आहे त्यांची नावं आदल्या दिवशी घ्या.

जपून ठेवणं

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरप्रणालीत, टाइप करा. जुन्या छपाई-फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांचा ढीग होतो. फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग व्यक्तीचं नाव, मग काय आहे ते: '२०२५-०३-१४ आडनाव नाव लेख'. तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. कागदी प्रत आम्लरहित कागदावर लेझर प्रिंटरने काढा. इंकजेटची शाई ओलाव्याने पसरू शकते. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी दोन्ही नकोत.

वर्षातून एकदा सगळ्या फाइली उघडून बघा. संच कुणाच्या ताब्यात आहे, पासवर्ड कुणाकडे आहे आणि तो माणूस नसेल तेव्हा कुणाकडे जाईल, हे पहिल्या पानावर लिहा. शेवटचं पान दुरुस्त्यांसाठी कोरं सोडा. नातवंडं मोठी झाल्यावर नवे तपशील घेऊन येतात. ते तिथे तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव घालून नोंदवा, मूळ लेख खोडू नका.